जुन्या नावाला ओ

हिरवा दिवा लागला तशी माणसं रस्ता ओलांडून गेली आणि तो एकटा फुटपाथच्या कडेला उभा राहिला. हातात फोन होता. मागून आलेल्या कुणाचा तरी खांदा लागला, वैतागून काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू आलं. दिवा पुन्हा लाल झाला, गाड्या सुटल्या. त्यानं मेल परत पहिल्यापासून वाचायला घेतला. दुसऱ्यांदा वाचतानाही तो तितकाच साधा होता. लिहिणारा दुसऱ्या एका शहरातल्या वृद्धाश्रमाचा बॉयलरवाला होता. आश्रमाच्या न्हाणीघरांत येणारं गरम पाणी एका छोट्या कंप्युटरच्या ताब्यात असतं, पाणी किती गरम होऊ द्यायचं ते त्याला एका ओळीत सांगून ठेवलेलं असतं, ती ओळ आधीच्या बॉयलरवाल्यानं लिहून ठेवली होती, असं त्यानं सावकाश, एखाद्या अर्जासारखं लिहिलं होतं. मध्यंतरी कंप्युटरमध्ये नवीन सिस्टिम घातली गेली. त्यानंतर एका सकाळी न्हाणीघरात कढत पाणी आलं आणि तिथल्या एक आजी कमरेपर्यंत भाजल्या. त्या दवाखान्यात आहेत. आता चौकशी लागली आहे आणि आकडा यानंच बदलला असणार असं सगळे म्हणताहेत. ‘मी ओळीला हात लावलेला नाही. ओळ खाली देत आहे. या प्रोग्रॅमच्या आत आपलं नाव आणि पत्ता सापडला म्हणून आपल्याला त्रास देतो. माझं यात काय चुकलं ते कृपया कळवावं, म्हणजे पुन्हा तसं होणार नाही.’ आणि त्याखाली ती ओळ. मॅक्सटेम्प, बरोबरचं चिन्ह, एकेचाळीस.

चूक काही नव्हती. हे त्याला फुटपाथवर, पहिल्यांदा वाचतानाच कळलं होतं. ओळ अगदी बरोबर होती. फक्त त्या नावाला ओ देणारं आत कुणी उरलं नव्हतं. ते त्यानंच काढून टाकलं होतं.

तो चालायला लागला. पाय नेहमीच्या वाटेनं कचेरीकडं निघाले होते, त्यांना काही विचारावं लागलं नाही. आपण काय काम करतो हे त्याला आयुष्यात नीट सांगता आलं होतं ते एकट्या आईला. बायकोला त्यानं लग्नानंतर एकदा सांगून पाहिलं, तेव्हा ती म्हणाली होती की एवढं समजतंय की तुझ्यामुळं कुठल्या तरी मशीनला काहीतरी कळतं, आता घरातल्या माणसांचं बघ. आई मात्र शाळेत लहान मुलांना शिकवायची, तिला कुठल्याही गोष्टीचं शेपूट सापडेपर्यंत दम निघत नसे. त्यानं सांगितलं होतं, कंप्युटरच्या अगदी पोटात एक प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकी सगळे त्याच्या जिवावर जगतात. पण जगात यंत्रं तर हजार तऱ्हेची, आणि त्या बिचाऱ्याला सगळी कुठून माहीत असणार. म्हणून प्रत्येक यंत्रासाठी वेगळा तुकडा करून ठेवतात. लागेल तेव्हा तो आणून जोडायचा, नको तेव्हा काढून ठेवायचा. तो तुकडा म्हणजे मॉड्यूल. माझ्याकडं असा एक तुकडा आहे, पाणी तापवणाऱ्या यंत्राचा. आणि तो जोडताना त्याला चार गोष्टी सांगता येतात. अमक्याच्या वर तापू देऊ नकोस, तमक्याला झडप बंद कर. प्रत्येक गोष्टीला एक नाव असतं, नावापुढं आकडा. आईनं डोळे बारीक करून ऐकलं होतं आणि म्हणाली होती, ‘म्हणजे कामाला नवीन माणूस आला की आपण दारातच सांगून ठेवतो, तसं. एकदा आत शिरला की मग कोण ऐकतो.’ त्याला हसू आलं होतं, कारण ते तंतोतंत तसंच होतं.

मॅक्सटेम्प हे नाव त्यानंच ठेवलं होतं, नोकरीच्या पहिल्या दिवसांत, जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचं म्हणून. पूर्ण अंशांत आकडा द्यायचा. पुढं कुणाला अर्ध्या अंशाची गरज पडली. मग त्यानं नवं, शहाणं नाव केलं, लिमिट, आणि आकडा दशांशात घ्यायचा असं ठरवलं. एकेचाळीस हवं असेल तर चारशे दहा लिहा. पण जुनी माणसं जुनंच लिहिणार हे उघड होतं. म्हणून त्यानं दारात एक छोटा दुभाष्या बसवला. कुणी जुन्या नावानं हाक मारली की तो ओ द्यायचा, आकड्याला दहानं गुणायचा, गुपचूप नव्या नावाच्या हवाली करायचा, आणि कंप्युटर ज्या लांबलचक नोंदी आपल्याआप ठेवत असतो त्यात एक ओळ टाकायचा, की हे नाव जुनं झालं, यापुढं नवं वापरा. ही कल्पना त्याला कुठल्या पुस्तकात मिळालेली नव्हती. ती आईच्या वर्गातली होती. तिच्याकडं येणारी मुलं घरून आपापले शब्द घेऊन यायची. एखादं पोर पाण्याला भलतंच काही म्हणायचं, एखादं खिडकीला. शेजारच्या वर्गातले मास्तर हसायचे, पोरांनाही हसायला लावायचे. आई हसत नसे. ‘बरोबर,’ म्हणायची, ‘आणि पुस्तकात याला खिडकी म्हणतात.’ पहिल्या दिवशीही बरोबर, परीक्षेच्या दिवशीही बरोबर. तो तिच्याच शाळेत होता, मधल्या सुट्टीत तिच्या खुर्चीमागं उभा राहून त्यानं विचारलं होतं, की असं कुठवर चालवून घ्यायचं. आईनं खडूची बोटं झटकली होती. ‘शब्द पोरांनी सोडायचा असतो. आपण काढून घ्यायचा नसतो.’ घरात बाबांचं याच्या नेमकं उलट. एक अक्षर इकडंतिकडं झालं की बाबा हातातला घास ताटात ठेवायचे आणि म्हणायचे, नीट बोल. आणि नीट बोलेपर्यंत सगळं घर थांबायचं. चमचे थांबायचे. तेव्हा बाबांची भीती वाटायची. आता कचेरीच्या जिन्यावर त्याच्या मनात आलं, निदान थांबायचे तरी. आपलं काही चुकलंय हे कळायचं तरी.

कारण मॉड्यूल पूर्वी अगदी बाबांसारखंच वागायचं. दारात अनोळखी नाव आलं की ते जोडूनच घ्यायचं नाही. मी हे ओळखत नाही, मी येत नाही, संपलं. यंत्र बंद. पाणी गार. त्याची सगळी पिढी याच भरवशावर वाढली होती. एखादं जुनं नाव कुणी वापरतंय का हे ओळखायची त्यांची एक रीत होती, कुठं लिहिलेली नव्हती पण सगळ्यांना ठाऊक होती. आधी काही वर्षं नोंदींत इशारा द्यायचा. मग एक दिवस नाव काढून टाकायचं आणि कान देऊन बसायचं. कुणी वापरत असेल तर त्याचं यंत्र चालूच होणार नाही, तो बोंब मारेल, शिव्या देईल, आपण माफी मागून नाव परत घालू. बोंब आली नाही म्हणजे कुणी नाही. त्यानं तसंच केलं होतं. दुभाष्याच्या ओळी पुसताना त्याला जे सुख झालं होतं ते त्याला आताही अंगावर आठवत होतं. घर झाडून काढल्यावर होतं तसं. कचेरीतली पोरं म्हणाली होती, सरांनी आज मॉड्यूलची दाढी केली. तोही हसला होता, हनुवटीवरून हात फिरवला होता. मग तो कान देऊन बसला. दिवस गेले, थंडी गेली. कुठूनच काही आलं नाही. केवढी शांतता होती.

मधल्या काळात काय झालं होतं ते त्याला माहीत नव्हतं असं नाही. हेच तर सलत होतं. कर्नल सांभाळणाऱ्या लोकांनी बाबांची रीत मोडून काढली होती. एका शिळ्या नावापायी आख्खं यंत्र बंद पडतं, माणसं अंधारात बसतात, हे काय शहाणपण आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं. तेव्हापासून अनोळखी नाव आलं की कर्नल नोंदींत एक ओळ टाकतो, हे नाव ओळखीचं नाही, सोडून देत आहे, आणि पुढं जातो. मॉड्यूल जोडलं जातं. यंत्र चालू होतं. आकडा कुणी सांगितलाच नाही असं समजून मॉड्यूल आपल्या मूळच्या आकड्यावर बसतं. त्याच्या मॉड्यूलचा मूळचा आकडा साठ होता, कारण ते पहिल्यांदा कारखान्यातली भांडी धुण्यासाठी लिहिलं होतं. तो बदल सगळ्यांपुढं वाचायला आला तेव्हा त्यानं वाचला होता. चांगला आहे, असं मतही दिलं होतं. डोक्याच्या एका कप्प्यात ते मत होतं आणि दुसऱ्या कप्प्यात कान देऊन बसायची जुनी रीत होती, आणि हे दोन कप्पे कधी एकमेकांशी बोलले नाहीत. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर होत्या. एक आजी कमरेपर्यंत भाजल्या होत्या.

त्यानं मेल विभागप्रमुख बाईंना दाखवला. त्या वयानं त्याच्याहून बऱ्याच लहान, त्याला सर म्हणायच्या, आणि मनानं वाईट नव्हत्या. वाचून झाल्यावर त्यांनी खुर्ची जरा मागं घेतली आणि दार लावून घ्या म्हणाल्या. मग हळूहळू, समजुतीनं बोलल्या. इशारा आपण दिला होता ना, वर्षानुवर्षं दिला होता. नाव काढल्याचं जाहीर केलं होतं. कर्नल तर आपला नाहीच, तो साऱ्या जगाचा आहे. ज्यांनी नोंदी वाचल्या नाहीत त्यांनी नाही वाचल्या. आता हा मेल वकिलांकडं जाईल आणि वकील योग्य ते उत्तर देतील, म्हणजे बहुधा देणार नाहीत. त्यानं विचारलं, आणि तो बॉयलरवाला. बाई टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिल्या. ‘सर, चौकशी त्याची आहे, आपली नाही. तुम्ही एक अक्षर लिहिलंत की ती तुमची होईल. मग मला तुम्हाला वाचवता येणार नाही, आणि मॉड्यूलही तुमच्याकडं ठेवता येणार नाही.’ तो बरं म्हणाला. बरं हा शब्द त्याच्या तोंडातून इतका सहज आला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

जागेवर बसून त्यानं सगळ्यात आधी दुभाष्या परत घातला. त्याला फार वेळ लागला नाही. पुसलेल्या ओळी जुन्या आवृत्तीत जशाच्या तशा होत्या, कपाटात घडी घालून ठेवलेल्या कपड्यांसारख्या. मॉड्यूल जोडून त्यानं जुन्या नावानं हाक मारली. ओ आली. एकेचाळीस अंश, चारशे दहा. पुन्हा मारली, पुन्हा आली. कितीतरी वेळ तो तेच करत बसला. शेजारच्या मुलीनं विचारलं, सर, काही अडलंय का, तर मानेनंच नाही म्हणाला. हे आता जगभर जाईल, ज्यांच्याकडं जायचं त्यांच्याकडं आपल्या पावलानं पोचेल. पण हे परत घालणं म्हणजे उत्तर नव्हतं. त्या माणसानं काही दुरुस्त करून मागितलं नव्हतं. त्यानं एक प्रश्न विचारला होता, माझं काय चुकलं. त्याला उत्तर गेलं नाही तर तो काय करेल याचं चित्र आपोआप डोळ्यांपुढं येत होतं. तो ती ओळ रोज उघडून बघेल. एकेक अक्षर बोटानं मोजेल. मग एक दिवस चौकशीची माणसं समोर बसतील तेव्हा म्हणेल, साहेब, बहुतेक माझ्याकडूनच काहीतरी झालं असेल. अशी माणसं असतात. त्यांना उत्तर मिळालं नाही की ती दोष आपल्या नावावर लावून मोकळी होतात.

दुपारी तो कचेरीतून उठला तो थेट आईकडं गेला. आईसुद्धा आश्रमातच होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या पाण्याचा त्याच्या मॉड्यूलशी संबंध नव्हता, हे त्यानं जेवणाच्या सुट्टीतच शोधून काढलं होतं, आणि शोधून झाल्यावर जे हायसं वाटलं त्याची त्याला किळस आली होती. तरी गेला. बसमध्ये खिडकीशी बसला आणि आईला तिकडं ठेवायचं ठरलं तो दिवस त्याला उगाच आठवत राहिला. त्यानं आणि बायकोनं मिळून कितीतरी कारणं जमवून ठेवली होती, तिनं हो म्हणावं म्हणून, आणि नाही म्हणाली तर काय बोलायचं तेही. कारणं लागलीच नाहीत. आई बरं म्हणाली. एवढंच. दोघांनी सुटकेचा श्वास टाकला आणि दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. ती घरात होती तेव्हा शेवटी शेवटी तिचं बोलणं असंच हवेत राहून जायचं. माळ्यावरची पेटी काढ म्हणायची, पेटी कधीची नव्हती. पुढच्या खोलीतला पंखा लाव म्हणायची, आणि ती पुढची खोली आधीच्या घरातली असायची. कुणी तिला नीट बोल म्हणत नसे, ते बरं दिसलं नसतं. सगळे हो हो म्हणायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. पंखा लागायचा नाही. भांडण नाही, आवाज नाही, घर सुरळीत चालू. आईला उकडतंय का, हे बघायला त्या पुढच्या खोलीचा शोध लावायची गरज नव्हती. तिच्या कपाळाकडं बघितलं असतं तरी पुरलं असतं.

आई पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसली होती. त्याला बघून तिला आनंद झाला आणि लगेच काळजी वाटली, आज मधल्या वारी कसा काय आलास, कामावर नाही का गेलास. तो तिच्याशेजारी बसला. त्यानं इकडचं तिकडचं विचारलं, झोप लागते का, गुडघा काय म्हणतो. सगळ्याला बरं आहे हेच उत्तर आलं. मग त्यानं विचारलं, आंघोळीचं पाणी कसं असतं.

‘पाणी ना. असतं की,’ आई म्हणाली.

‘फार गरम असतं का?’

‘कधी असतं.’

‘मग सांगत का नाहीस?’

‘सांगितलं ना. सांगितलं की लिहून घेतात.’ आईनं समोरच्या भिंतीकडं बघत तळहातावर बोटानं लिहिल्याची खूण केली, आणि तिला हसू आलं, शाळेतल्या एखाद्या ढ पोराबद्दल सांगताना यायचं तसं, लाडिक. ‘फार छान लिहून घेतात बाळा. अक्षर चांगलं आहे त्या मुलीचं.’

तो उठून न्हाणीघरात गेला, गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि हात धरून उभा राहिला. पाणी आधी गार आलं, मग कोमट झालं, आणि कोमटच राहिलं. तो वाट बघत राहिला. बाहेरून मदतनीस बाईनं विचारलं, काका, काही हवंय का, तेव्हा त्यानं नळ बंद केला. आज कोमट होतं, एवढंच कळलं होतं. काल कसं होतं, उद्या कसं असेल, हे त्या नळाला विचारून कळण्यासारखं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यानं आईची साडी घोट्याच्या वर किंचित सरकवून पाय बघितले. आईनं पाय मागं घेतले, लाजली. कातडी पांढरट होती, कागदासारखी, आणि तिच्यावर कुठंकुठं तांबूस डाग होते. ते म्हातारपणाचे होते की कशाचे ते त्याला ओळखता येईना. त्यानं त्यांच्याकडं याआधी कधी बघितलंच नव्हतं, तेव्हा ताडून बघणार कशाशी.

फाटकाबाहेर आल्यावर तो भिंतीच्या सावलीला थांबला. मेलच्या खाली बॉयलरवाल्यानं आपला नंबर दिला होता, ‘सोयीनं फोन केल्यास आभारी राहीन’ असं लिहून. त्याच्या मनात विभागप्रमुख बाई येऊन गेल्या, त्यांचं टोपण लावणं काढणं, बायको आली, घराचे हप्ते आले, आणि इतकी वर्षं सांभाळलेलं मॉड्यूल आलं, जे हातातून गेलं तर सकाळी उठून कशासाठी तयार व्हायचं हे त्याला सांगता आलं नसतं. हे सगळं येऊन गेल्यावर त्यानं नंबर लावला. काही ठरवून लावला असं नाही. एकाच जागी फार वेळ उभं राहिलं की पाय आपोआप टाकला जातो, तसं झालं.

पलीकडं बराच वेळ वाजत राहिलं. मग एक बसका, सांभाळून बोलणारा आवाज आला. त्यानं आपण कोण ते सांगितलं. त्या माणसाला आधी खरंच वाटेना. मग तो घाईघाईनं आभार मानू लागला, साहेब तुम्ही स्वतः फोन केलात, मी म्हटलं एवढी मोठी माणसं, कुठं वाचणार. त्यानं हेही सांगितलं की चौकशी संपेपर्यंत त्याला कामावर ठेवलंय, कारण बॉयलर पेटवणारं दुसरं कुणी नाही, आणि आता तो झडप हातानंच फिरवतो, पाणी गारच सोडतो, लोक कुरकुर करतात पण करू देत. यानं आजींचं विचारलं. आजी सकाळी गेल्या, म्हणाला. आजच.

भिंतीच्या सावलीची कड त्याच्या बुटांवरून गेली होती. त्यानं बूट आत घेतले.

‘तुम्ही विचारलं होतंत,’ तो म्हणाला, ‘तुमचं काय चुकलं. तुमचं काही चुकलं नाही. ओळ बरोबर आहे. ते नाव मी काढून टाकलं होतं.’

‘काढून टाकलं म्हणजे, साहेब?’

‘म्हणजे तुम्ही एकेचाळीस सांगत होता, आणि आत ते ऐकणारं कुणी नव्हतं. मी हे लिहून देतो. आज देतो, माझ्या सहीनं. चौकशीत ठेवा.’

मग तो माणूस बोलला. आवाजात राग नव्हता, कोडं सोडवणाऱ्याचा असावा तसा होता.

‘पण मग त्या कंप्युटरनं नाही म्हणायला हवं होतं ना साहेब. मला कळत नाही म्हणायचं. मी बसलो असतो, बघितलं असतं. गार पाण्यानं कुणी मेलं नसतं.’

‘हो,’ तो म्हणाला.

‘सकाळी चालू केलं की हिरवा दिवा लागायचा रोज.’

‘हो. लागत असणार.’

आता त्या माणसाला मोकळं वाटेल अशी त्याची कुठंतरी अपेक्षा होती. सहीचा कागद मिळणार होता, नोकरी राहणार होती. पण तो माणूस फोन ठेवत नव्हता. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि त्यामागं बॉयलरची घुमघुम. मग तो सांगू लागला, आणि सांगताना साहेब हा शब्द गळून गेला. त्या आजींना बोलता येत नव्हतं. झटका आल्यापासून वाचा गेली होती, उजवा हातही. मदतनीस मुलीनं त्यांना खुर्चीत बसवलं, नळ सोडला, तेवढ्यात बाहेर कुणीतरी पडलं म्हणून ती धावली. मुलीचाही दोष म्हणता येत नाही. बॉयलरची खोली त्या न्हाणीघराच्या बरोबर खाली आहे. तो तेव्हा खालीच होता, जळमटं धरलेला पंखा पुसत होता.

‘पाइप वाजत होता,’ तो म्हणाला. ‘टक्, टक्, असा. हवा अडकली की वाजतो, रोज कुठं ना कुठं वाजतच असतो. मी म्हटलं, हवा. जरा जास्तच वेळ वाजतोय असंही वाटलं. मग थांबला. हवा निघाली, म्हटलं. नंतर वर गेलो तेव्हा कळलं, डाव्या हातात त्यांच्या बांगडी होती, आणि पाइप त्याच हाताशी. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.’

त्यानं फोन कानाशी घट्ट धरला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलण्यासारखं जे होतं ते सगळं विभागप्रमुख बाई सकाळी त्याच्याशी बोलून झाल्या होत्या. पाइप तुमचा नाही. हवा असतेच. वाजणं ऐकलं तरी कुणाला कळतं.

‘कागद तुम्ही द्यालच,’ तो माणूस म्हणाला. ‘मग सगळे म्हणतील, याचं काही चुकलं नव्हतं. मग मी हे सांगू की नको?’

उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं आणि तेवढ्यात पलीकडून, बॉयलरच्या घुमघुमीच्या पलीकडून, त्याला तो आवाज ऐकू आला. बारीक, लोखंडी, मध्ये थोडं थांबून पुन्हा.

‘आत्ता वाजतंय ते काय आहे?’ त्यानं विचारलं.

‘ते ना,’ बॉयलरवाला म्हणाला. ‘हवाच असेल.’

आवाज चालू होता.

‘जाऊन बघता का?’ तो म्हणाला. ‘मी थांबतो.’

फोन कुठल्याशा पत्र्यावर ठेवल्याचं वाजलं. मग पावलं ऐकू आली, आधी चालणारी, मग लोखंडी जिन्यावरून पळत वर जाणारी. ती विरून गेली. फाटकाच्या भिंतीला पाठ लावून, दुसऱ्या कानावर हात ठेवून, तो ऐकत उभा राहिला. टक्, टक्. अजून वाजत होतं.